मोडलेले विमान

नातवाचे बिनतारी यंत्राचे विमान परवा माझ्याच हातून पडले. आपल्याकडे तोंड करून आले की त्याचे डावे ते आपले उजवे. मी दांडी उलटी लोटली, ते बाभळीत गेले. शेपूट मोडले. पोर रडले नाही, तेच मला लागले.

रात्री मी बाल्साच्या जोडावर इपॉक्सी भरभरून लावली. पश्चात्तापच तो! सकाळी पोराने पंखाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्याशी बोटे धरून विमान तोलले, तो शेपूट खाली. जोड पक्का, पण जड. गुरुत्वमध्य मागे सरकला की नाक आवरत नाही, विमान पुन्हा आदळते.

"आजोबा, घासून काढू या." अहो, लावण्याहून काढणे अवघड! काचकागद घेऊन दोघे दुपारपर्यंत घाशीत होतो.