आवाजाचं बटण कोणाच्या हातात?



आज ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय. ध्यानाला बसायची जागा कशी असावी, ते माऊली सांगतात. तिथं माणसांची वर्दळ नको. पण कोकिळा असावी, अधूनमधून मोर आले तरी त्यांची ना नाही! म्हणजे आवाज अजिबात नको असं नाही, मन मोडणारा नको.

वाचलं आणि आमचं धावडा आठवलं. बारावीची परीक्षा तोंडावर आणि गावात सप्ताह. कर्ण्याचं तोंड नेमकं आमच्या घराकडे. गणिताची एक पायरी लिहायची, दुसरी विसरायची. वाटायचं, देवाचं नाव ऐकून त्रास होतो म्हणजे आपलीच भक्ती कच्ची.

तसं नसतं हो. मेंदूची तात्पुरती मेमरी छोटी असते आणि कानावर पडणारे शब्द न विचारता तिच्यात घुसतात. १९९२ मध्ये म्युनिकचं जुनं विमानतळ बंद झालं, तेव्हा तिथल्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं. नवीन विमानतळाजवळच्या मुलांचं मात्र घसरलं.

अमेरिकेत ग्लास आणि सिंगर यांनी एक प्रयोग केला. गोंगाटात बसलेल्या काही जणांना आवाज बंद करायचं बटण दिलं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी नंतरच्या कामात त्यांच्या चुका कमी झाल्या. बटण हातात आहे, एवढंच पुरलं.

मंडपात आपणहून बसलेल्याच्या हातात ते बटण असतं, कधीही उठता येतं. घरात अभ्यास करणाऱ्या पोरीकडे ते नसतं. तिच्या एकाग्रतेची किंमत देऊन मिळवलेलं पुण्य नेमकं कोणाच्या खात्यात जमा होतं?

रात्री १० नंतर लाऊडस्पीकर नको, हा नियम आहे. लाऊडस्पीकर कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. पण वारकऱ्याला हे कोर्टानं सांगावं लागावं का?

यंदा सप्ताहाची वर्गणी देताना मी म्हटलं, "काका, कर्णा मंडपाकडे वळवू या का?" काका हसले, "पुण्यात राहून कान नाजूक झाले रे तुझे!" मीही हसलो आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं आज टोचतंय.

आजची साधना एवढीच: आपला कोणता आवाज दुसऱ्यावर लादला जातोय ते बघायचं आणि बटण त्याच्या हातात द्यायचं. सुरुवात मी करतो, काकांना परत फोन लावतो.

राम कृष्ण हरी.