चकवा आणि फसवणूक

खरे शब्द उच्चारूनही मनुष्य असत्याचा दोषी ठरू शकतो काय, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. त्याचा विचार करण्यास दर वेळी मोठमोठे ग्रंथ उघडलेच पाहिजेत असे नाही. दुपारच्या निवांत वेळी घरोघर सोडविले जाणारे शब्दकोडेही या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडू शकते, असे आम्हांस वाटते.

शब्दकोड्याचा जन्म तसा अलीकडचा. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्रात आर्थर विन याने पहिले कोडे छापले. त्यातील सूचक वाक्ये सरळ होती. अर्थ द्यावयाचा आणि शब्द ओळखावयाचा, एवढाच व्यवहार. इंग्लंडात मात्र या खेळाने निराळे वळण घेतले. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' पत्रात एडवर्ड पॉइस मॅथर्स हा 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने कोडी रचू लागला. स्पेनमधील धर्मछळाच्या इतिहासात कुप्रसिद्ध झालेल्या अधिकाऱ्याचे हे नाव त्याने घेतले, यातच त्याचा हेतू स्पष्ट होतो. सूचक वाक्याचा वरवरचा अर्थ एक आणि उत्तराकडे नेणारा अर्थ दुसरा, ही पद्धत तेथे याच काळात दृढ झाली.

या पद्धतीत कोडेकाराचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे नित्याच्या बोलण्यातला वाक्प्रचार. समजा, सूचक वाक्य असे आहे: 'वडिलांच्याही डोक्यावर बसते, तरी कोणी रागावत नाही, अक्षरे तीन.' वाचकाचे मन लागलीच घरातील लाडावलेल्या मुलीकडे धावते. 'डोक्यावर बसणे' हा प्रयोग आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की, त्यातील डोके आणि बसणे हे दोन्ही शब्द आपल्या लेखी मरून गेलेले असतात. पुष्कळ वेळ डोके खाजविल्यावर कळते की, उत्तर 'पगडी' हे आहे. येथे कोडेकाराने एक अक्षरही खोटे लिहिलेले नाही. आपणांस चकविले ते आपल्या सवयीने.

तर मग कोडेकार निर्दोष कशामुळे? केवळ त्याचे शब्द खरे आहेत म्हणून काय? १९४९ मध्ये 'अ‍ॅफ्रिट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज कोडेकाराने आपल्या पुस्तकात या बाबतीत एक दंडक घालून दिला. त्याचा आशय असा की, शब्दांचा सहज भासणारा अर्थ रचणाऱ्याच्या मनात नसला तरी हरकत नाही. परंतु जो अर्थ मनात आहे, तो त्या शब्दांतून निघालाच पाहिजे. चकविण्यास मुभा आहे, वाट बुजविण्यास नाही.

ही मर्यादा सुटली म्हणजे काय होते, याचा अनुभव आपल्या देशानेही घेतला आहे. एके काळी मोठमोठ्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा येथे सुळसुळाट झाला होता. 'अडचणीच्या वेळी मनुष्याच्या कामी येते ते त्याचे —न', अशा धर्तीचे वाक्य घ्या. येथे धन, मन आणि ज्ञान हे तिन्ही शब्द सारखेच शोभतात. मग बुद्धीचे काम संपते आणि चालकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या शब्दाशी आपला शब्द जुळतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो. अशा स्पर्धांना आळा घालण्यासाठी १९५५ मध्ये कायदा झाला. त्याने बक्षिसांची मर्यादा महिन्यास १००० रुपये आणि प्रवेशिकांची २००० अशी बांधून दिली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा एका स्पर्धेची गणना जुगारात केली.

परंतु प्रामाणिक कोड्याचा दंडक व्यवहारास पुरेल काय? आमच्या मते पुरणार नाही. लग्न जुळविणारा मध्यस्थ म्हणतो, 'मुलाचे मुंबईस घर आहे.' मुलीचा बाप निश्चिंत होतो. घर आहे हे खरेच. मात्र ते भाड्याचे आहे. 'घर आहे' या वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात, तेव्हा कोडेकाराचा नियम येथे अक्षरशः पाळला गेला. तरीही यास फसवणूक न म्हणणारा गृहस्थ विरळा. द्रोणवधाच्या वेळी धर्मराजाने जे केले, ते याच जातीचे; म्हणून तर 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द आपल्या भाषेत कायमचे राहिले.

भेद शब्दांत नसून निमंत्रणात आहे. कोडे हाती घेणारा मनुष्य संशय घेण्याच्या तयारीनेच बसतो, आणि उत्तर सापडताच स्वतःवर हसतो. मुलीचा बाप मात्र विश्वास ठेवण्यासाठी आलेला असतो. त्याने प्रत्येक वाक्य उलटून पालटून पाहावयास हवे होते, असे म्हणणे म्हणजे विश्वासालाच मूर्खपणा ठरविणे होय. ज्या घरात साध्या बोलण्याचीही अशी छाननी करावी लागते, तेथे कोणाचेच बोलणे साधे राहत नाही.

यास्तव, 'मी खोटे बोललो नाही' एवढ्यावर मनुष्याची सुटका होत नाही. ऐकणारा आपले शब्द कोणत्या अर्थी घेईल हे ठाऊक असूनही जो गप्प राहतो, त्याने त्या अर्थाची जबाबदारीही घेतली पाहिजे. कोड्याचे उत्तर निदान पुढच्या अंकात तरी छापले जाते. संसारात ते पुष्कळदा फार उशिरा कळते.