दोन याद्या

ओहायोतल्या एका मोठ्या इस्पितळात मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या मुलाखती चालल्या होत्या. कोविडपासून त्या बहुतेक पडद्यावरच होतात. तिकडे नोव्हेंबरातले सकाळचे नऊ, इकडे सोलापुरात संध्याकाळचे साडेसात. घरात पंखा बंद आणि कुकर लावायला मनाई.

ओळखपरेडीला दोघं समोर होती. मुलगा तिथलाच, मेडिकल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. पदवी हातात पडायची होती मे महिन्यात. मुलगी सोलापूरची, एमबीबीएस झालेली, बॉन्डचं वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेली. विंचू चावलेल्या पोराला, महाडच्या डॉ. बावस्करांनी जगाला शिकवलेलं प्राझोसिन देऊन, उजाडेपर्यंत त्याच्या उशाशी बसलेली.

प्रोग्रॅम डायरेक्टर मनाने वाईट नव्हते. मुलाला म्हणाले, "गुड मॉर्निंग, डॉक्टर!" उद्या होणारच आहे, म्हणून कौतुकाने. मुलीचं आडनाव लांबलचक, त्यात 'ळ'. तिथे ते अडखळले आणि हसून म्हणाले, "मी आपलं तुला पहिल्या नावानेच हाक मारतो. चालेल ना?"

अशा वेळी "नाही" म्हणणारा उमेदवार अजून जन्माला यायचाय. ती "हो सर" म्हणाली.

मुलाखती संपल्यावर ऑफिसातल्या कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, "दोघांनाही डॉक्टर म्हणा, नाहीतर दोघांनाही नावाने. काय ते सारखं असू द्या."

"अहो, मी आपलेपणाने म्हटलं."

"मग तो त्या मुलाच्या वाट्याला का नाही आला?"

डायरेक्टरांनी विषय हसण्यावारी नेला. मुलीची उत्तरं त्यांना मनापासून आवडली होती. पसंतीच्या यादीत त्यांनी तिला तिसरी लिहिली आणि ती आलीच असं धरून चालले.

पण तिकडे याद्या दोन असतात. उमेदवारही इस्पितळांना क्रम लावतो. शिवाय १९९८ पासून या दोन याद्यांची जुळणी उमेदवाराच्या पसंतीपासूनच सुरू होते. ती तशी बसवणाऱ्यांपैकी आल्विन रॉथ यांना पुढे २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. मुलाखती घेणाऱ्या भल्याभल्यांना मात्र खुर्चीत बसल्यावर दुसऱ्या यादीचा विसर पडतो.

मुलीला मिशिगनमधल्या एका लहान इस्पितळाचंही बोलावणं होतं. आदल्या दिवशी तिथून मेल आली, तुमचं नाव कसं म्हणायचं आणि तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल? मुलाखतीत 'ळ'चा 'ल' झालाच, पण आधी 'डॉक्टर' लागलं, आणि तिच्याआधीच्या मुलालाही तसंच.

फेब्रुवारीत ती यादी करायला बसली. ओहायोचं नाव मोठं, पगारही बरा. पण तीन वर्षं काढायची होती. वरिष्ठच आपल्याला नावाने पुकारणार, ते ऐकून नर्सही तसंच म्हणणार, आणि मग तपासून झाल्यावर पेशंट विचारणार, "डॉक्टर कधी येणार?" हे तिने आधीच पुष्कळ सोसलेलं होतं. तिने मिशिगन पहिलं लिहिलं आणि ओहायो चौथं.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागला. सोलापूरची मुलगी नाही, दुसऱ्याच गावचा मुलगा त्या जागी आलेला पाहून डायरेक्टर यादी पुन्हापुन्हा वरखाली करत राहिले. कोऑर्डिनेटर बाईंनी दुसरा कागद पुढे केला आणि आडनाव 'ळ'सकट उच्चारून म्हणाल्या, "या डॉक्टर मिशिगनला गेल्या."

डायरेक्टरांनी चष्मा वर केला. "या कोण?"