‘इंटरेस्ट’ आणि निर्व्याजता

इंग्रजीतील ‘इंटरेस्ट’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की, त्याच्या पोटात तीन निरनिराळे शब्द दडले आहेत, याची जाणीव भाषांतराला बसल्याखेरीज होत नाही. कोठे ‘व्याज’ लिहावे लागते, कोठे ‘हितसंबंध’, तर कोठे ‘रस’. मराठीने ज्यांना तीन घरे दिली, ते इंग्रजीत एकाच घरात नांदतात. तेव्हा रस आणि हित खरोखर वेगळे काढता येतात काय, असा नीतीचा प्रश्न उभा राहतो.

लॅटिनमधील ‘इंटरेस्से’ म्हणजे मध्ये असणे, आणि त्यावरून फरक पडणे. रोमन विधीमध्ये करार मोडल्याने एखाद्याच्या स्थितीत पडलेला फरक, म्हणजे त्याचे नुकसान, या क्रियापदाने दाखवीत. मध्ययुगीन चर्चने ‘युझुरा’, म्हणजे उसन्या पैशावरील वाढ, पाप ठरविली. मात्र परतफेडीच्या विलंबामुळे धनकोची झालेली हानी भरून मागण्यास वाव ठेवला. त्या भरपाईचे नाव ‘इंटरेस्से’. हाकललेले पाप नाव बदलून परतले, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. इंग्लंडमध्ये १५४५ च्या कायद्याने शेकडा १० पर्यंत आकारणीस मुभा दिली, १५५२ मध्ये ती काढून घेतली आणि १५७१ मध्ये काहीशा संकोचाने ती पुन्हा आली.

ॲडम स्मिथच्या लेखनात या शब्दाची दोन टोके भेटतात. खाटीक आणि पाववाला आपले जेवण पुरवितात ते स्वतःच्या ‘इंटरेस्ट’पोटी, असे १७७६ च्या ग्रंथात सांगणारा स्मिथ १७५९ च्या नीतिविषयक ग्रंथाच्या आरंभी तोच शब्द क्रियापद म्हणून योजतो, तेथे तो माणसाला इतरांच्या भाग्याशी जोडणाऱ्या वृत्तीविषयी बोलत असतो.

मराठीतील ‘व्याज’ही काही कमी गंमतीचा नाही. संस्कृतात त्याचा अर्थ कपट, बहाणा. व्याजस्तुतीत तो अजून टिकून आहे. म्हणून निर्व्याज प्रेम म्हणजे निष्कपट प्रेम. इंग्रजीतील ‘डिसइंटरेस्टेड’ त्याच्या अगदी जवळ येतो: स्वार्थ नाही, पण आस्था पुरेपूर. हल्ली तो नुसत्या अनास्थेसाठीही वापरला जातो. ही हानी मला व्याकरणाहून मोठी वाटते. न्यायाधीशाला मात्र आपण निर्व्याज म्हणत नाही, तटस्थ म्हणतो, म्हणजे काठावर उभा असलेला. एक भाषा मध्ये असण्याची, दुसरी काठावर असण्याची. मित्राच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिण्यास बसलेल्या कोणासही या दोहोंमधील ओढाताण ठाऊक असेल.

१८५२ साली ब्रिटनच्या उमराव सभेने लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांचा एका कालवा कंपनीच्या बाजूचा निर्णय रद्द केला, कारण त्या कंपनीचे भाग त्यांच्याकडे होते. त्या भागांमुळे त्यांचे मन किंचितही ढळले असेल, असे निकाल देणाऱ्यांना वाटत नव्हते. तरीही निर्णय रद्द झाला. भाग मोजता येतात, म्हणून कायदा तेथवर पोचला. पण समोरच्या पक्षकाराच्या भाग्याविषयी न्यायासनावरील माणसाला काडीचाही रस नव्हता, अशी तक्रार कोणी, कोठे न्यावी?