आईची मशेरी आणि मुलाचे मन

मशेरी लावणाऱ्या आईच्या मुलाचे चित्त पुढे थाऱ्यावर राहिले नाही, तर दोष कोणाचा? आपल्या वस्त्यांतून हा प्रश्न निघतो तेव्हा आईकडे बोट दाखवून सारे मोकळे होतात.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. तंबाखू ओढा की दाताला लावा, तिच्यातील निकोटीन आईच्या रक्तातून वारेवाटे गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत बिनधुराची तंबाखू, बहुतांशी मशेरीच, वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली.

मनाचे गणित मात्र इतके सरळ नाही. फिनलंडमधील २०१९ सालच्या अभ्यासात गरोदर आईच्या रक्तात निकोटीनची खूण जितकी अधिक, तितके मुलांत अतिचंचलतेचे व लक्ष न लागण्याचे निदान अधिक आढळले. पण स्वीडन-नॉर्वेच्या संशोधकांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली. एकाच्या वेळी आई धूम्रपान करीत होती, दुसऱ्याच्या वेळी नव्हती. तेव्हा हा फरक बराचसा मावळला. म्हणजे रक्ताचा वारसा आणि घरची परिस्थिती यांचाही त्यात हात असावा. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

मूल आजारी पडले की गतजन्मीचे पाप, असे आपले वाडवडील ऐकत आले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला. आता तेच पाप विज्ञानाचे नाव घेऊन आईच्या पदरात घालायचे, तर हे कसले धर्मांतर?

बुद्धांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. पहाटे कामावर निघालेली बाई भूक मारायला मशेरी लावते. सासूनेच तिला ती सवय लावलेली असते. बाळाचे वाईट व्हावे ही तिची चेतना नव्हे. परंतु कळल्यावरही चालू ठेवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ती जबाबदारी तिच्या एकटीची नाही. पुडी बहुधा नवराच आणून देतो. एका खोलीत बिडी ओढणाऱ्याचा धूरही तिच्याच पोटी जातो. पाचव्या शिलात मद्य आहे, तंबाखूचे नाव नाही, असा वाद काहीजण घालतात. घालोत बापडे!

मशेरी सोडताना डोके दुखते, चिडचिड होते. हा त्रास थोड्या आठवड्यांचा असतो. तेवढे दिवस सासूने टोमणे मारू नयेत, आणि नवऱ्याने बिडी घराबाहेर ठेवावी.