हातचं

पुण्यातून कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा. मुळशीकडं जा, सोलापूरकडं जा, कोल्हापूरकडं जा. खानावळींच्या पाट्या वाचत चला. मराठा खानावळ. लिंगायत खानावळ. ब्राह्मणी पद्धतीचं घरगुती जेवण. मालवणी, आगरी, कोल्हापुरी. जात आणि मुलूख पाटीवर उघड लिहिलेला असतो, कारण तो हात म्हणजे गिऱ्हाइकाला खात्री.

आता एक पाटी शोधा. 'महार खानावळ'. किंवा 'मांग खानावळ'. सापडली तर कळवा.

आपल्या बायांना रांधता येत नाही असं नाही. मूठभर तिखट आणि चुलीचा जाळ एवढ्यावर त्यांनी दुष्काळ काढलेत. पण तो हात पाटीवर लिहिता येत नाही. लिहिला तर गिऱ्हाईक पुढच्या खानावळीत जाईल. जाताना भांडणार नाही, शिवी देणार नाही. नुसता गाडीचा वेग कमी करणार नाही. आजची अस्पृश्यता अशी आहे. तिला आवाज नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं. हिंजवडीला कंपनीत कामाला जाणारा आपला एक कार्यकर्ता परवा बैठकीत म्हणाला, "मुंबईला मीरा रोड, नालासोपाऱ्याकडं नायजेरियन लोकांच्या लहान खानावळी आहेत. कंपनीतली पोरं जेवायला चाललीत. मलाही बोलावलंय. जाऊ का?" दुसरा म्हणाला, "पैसे उधळायचे तर जा. चळवळीचा त्यात काय संबंध?" आणि तिसरा हसत म्हणाला, "ते हबशी काय खातात कुणाला ठाऊक!"

सगळे हसले. मित्रांनो, हे हसू तपासून बघायला पाहिजे. 'ते काय खातात कुणाला ठाऊक' हे वाक्य आपल्या आज्यापणज्यांनी गावाच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल?

तेव्हा आधी ते काय खातात ते सांगतो. टोमॅटो, कांदा, मिरचीच्या रश्श्यात शिजवलेला लाल तिखट भात. त्याला जोलोफ म्हणतात. तो नायजेरियाचा चांगला की घानाचा, यावर ते लोक आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासारखे हिरीरीनं भांडतात. मुळात तो सेनेगलकडचा. कसाव्याचा, नाहीतर कोनफळाच्या जातीच्या कंदाचा उकडून कुटलेला मऊ गोळा. तो फुफू. उजव्या हातानं घास तोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि रश्श्यात बुडवून गिळायचा. काटा-चमचा नाही. कलिंगडाच्या कुळातल्या फळाच्या बिया वाटून केलेलं दाट कालवण, एगुसी. शेंगदाण्याचा कूट घातलेला रस्सा. बोकडाचं मटण. वजडी. आणि गुराची कातडी, केस जाळून, खरवडून, मऊ शिजवलेली, तिला पोनमो म्हणतात.

यात अनोळखी काय आहे? कसावा म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो तोच. एकादशीला बामणाच्या घरी चालतो तो पवित्र, नायजेरियन माणसाच्या ताटात आला की 'कुणाला ठाऊक'!

आणि पुढचं नीट ऐका. बाजरी हे पीक पश्चिम आफ्रिकेतलं आहे. साडेचार हजार वर्षांमागं सहाराच्या दक्षिणेला, आजच्या मालीच्या बाजूला, तिथल्या माणसांनी रानगवताचं धान्य केलं. ज्वारी आफ्रिकेतलीच, सुदानकडची. आपल्या मुळशीच्या डोंगरउतारावर माळरान खणून लावलेली नाचणी, तीही पूर्व आफ्रिकेतली. म्हणजे येसकराची पाळी करून, दारोदार जोहार घालून आपल्या म्हाताऱ्यांनी जी भाकरी मागून आणली, ती भाकरी आफ्रिकेच्या काळ्या हातांनी जगाला दिलेली आहे. गावानं ती वरून टाकली. ज्यांनी ती घडवली त्यांना मात्र आपण हसतो.

हसण्यावर थांबतं तर बरं झालं असतं. २०१३ साली गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या माणसांनी पर्वरीला रस्ता अडवला, तर गोव्याच्या एका मंत्र्यानं नायजेरियनांची तुलना कर्करोगाशी केली. पुढं त्यानं दिलगिरी व्यक्त केली, पण शब्द जिथं पोचायचा तिथं पोचला होता. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात एक पोरगा बेपत्ता झाला. शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं अशी आवई उठली. माणसं त्यांच्या घरात शिरली. पोरगा नंतर मेला आणि मग जमावानं रस्त्यात, मॉलमध्ये आफ्रिकी विद्यार्थ्यांना गाठून मारलं. त्याच जिल्ह्यात, दादरीजवळच्या गावात, २०१५ साली एका मुसलमान माणसाला घरात मांस आहे म्हणून ठेचून मारलं होतं. माणसाला मारायचं ठरलं की आधी त्याचं ताट बदनाम करायचं. ही रीत जुनी आहे. आपल्याला 'मेलेलं खाणारे' म्हणूनच गावकुसाबाहेर ठेवलं. मेलेलं खायची पाळी कुणी आणली ते मात्र कुणी विचारलं नाही.

महाडलाही हेच झालं. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन माणसं परतली. मंदिरात शिरणार अशी आवई उठवून गुंडांनी हल्ला केला. मंडपात काही जण जेवत होते. त्यांना मारलं आणि अन्न मातीत कालवलं. पाण्याला हात लावला म्हणून अन्न मातीत. पाणी आणि भाकरी, दोन्हीकडून त्यांना आपला माणूसपणाच पुसायचा होता.

आता 'चळवळीचा काय संबंध' म्हणणाऱ्याला उत्तर देतो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटना काढली तिचं नावच तिकडून घेतलं, पँथर. अमेरिकेतल्या त्या काळ्या माणसांचे कितीतरी पूर्वज पश्चिम आफ्रिकेच्याच किनाऱ्यावरून साखळदंडात नेले. म्हणजे ज्यांचं नाव आपण झेंड्यावर लावलं, त्यांच्या आज्यांची चूल ती हीच.

आणि ते पँथर नुसत्या घोषणा देत नव्हते. १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळचं फुकट जेवण घालायला सुरुवात केली. बंदुकीचे फोटो आपल्या भिंतीवर आले. चूल आली नाही. लवळ्याच्या विद्यापीठात, पुण्याच्या कॉलेजांत आफ्रिकेची पोरं शिकतात. खोली भाड्यानं मागतात तेव्हा 'काय शिजवता' हा सवाल त्यांनाही पडतो. जो आपल्याला पुण्याच्या पेठांत पडतो, तोच. आपल्यापैकी ज्यांची आता दोन खोल्यांची घरं झालीत, ते काय उत्तर देतात? पँथरचं नाव चालतं आणि पँथरचा भाऊबंद भाडेकरू चालत नाही, तर मग ते नाव काढून ठेवा.

आता मूळ प्रश्नाला येतो. जेवायला जाणं म्हणजे नेमकं काय?

संविधानाच्या कलम १५ नं सांगितलं की दुकानं, सार्वजनिक उपहारगृहं, हॉटेलं यांत जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. कलम १७ नं अस्पृश्यता गाडली. १९५५ चा कायदा आला, १९७६ साली तो कडक झाला, त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. वेगळी कपबशी ठेवणाऱ्यावर खटला भरता येऊ लागला. हे फार मोठं काम आहे. पण कायदा आपल्याला त्यांच्या बाकावर बसवू शकतो. त्यांना आपल्या बाकावर बसवू शकत नाही. आपण गिऱ्हाईक झालो, पैसे दिले, त्यांचं खाल्लं. यात त्यांच्या हाताचा मान वाढला. आपल्या हाताचा?

कोल्हापूरला शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. १९२२ साली महाराज गेले, त्याच्या थोडी आधीची गोष्ट. त्यांच्याकडं नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे या महार माणसाला सवर्णांनी पाण्याला शिवला म्हणून मारलं. महाराजांनी त्याला नुसतं दुसरीकडं कामाला लावलं नाही. त्याला चहाचं हॉटेल काढून दिलं. पण हॉटेलात कुणी फिरकेना. मग महाराज स्वतःची गाडी दारात थांबवायचे, गंगारामच्या हातचा चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही प्यायला लावायचे. राजा महाराला जेवू घालतो ही दया झाली. दया मनूलाही चालते. राजा महाराच्या हातचं पितो आणि पैसे देतो, तिथं मनूला घाम फुटतो.

म्हणून म्हणतो, कुणी कुणाला वाढलं यापेक्षा कुणी कुणाच्या हातचं घेतलं हे मोजा. वाढणारा वर असतो, घेणारा खाली असतो, हे हजारो वर्षांचं गणित आहे. शिळं, उष्टं, वरून टाकलेलं आपण घेतलं, आणि आपल्या घरचं ताजं कुणी घेतलं नाही. बाबासाहेबांनी महाडला सांगितलं, मेलेल्याचं मांस सोडा, टाकलेले तुकडे सोडा. त्याचा अर्थ काही शिकलेल्यांनी भलताच लावला. त्यांनी वजडी सोडली, रक्ती सोडली, पाहुणा आला की पनीर करतात. अरे, सोडायचं होतं ते मिंधेपण! आईच्या हाताची चव सोडा असं कुणी सांगितलं? शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून हेच खाणं छापून मांडलं, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपल्याही चुलीला इतिहास आहे. आणि त्याच वर्षी या राज्यात बैल कापायलाही बंदी आली. गरिबाच्या ताटातला तुकडा कायद्यानं गुन्हा झाला.

त्या लहानशा नायजेरियन खानावळीकडं मी या नजरेनं बघतो. परक्या मुलखात, पोलिसाच्या आणि घरमालकाच्या धाकात तो माणूस आपली वजडी आपल्या नावानं विकतो. लपवत नाही. 'शुद्ध' म्हणवत नाही. तिथं जायचं तर त्यासाठी जा. फोटो काढायला नको, 'आम्ही काहीतरी वेगळं खाल्लं' हे सांगायला नको, उपकार करायला तर मुळीच नको. हात धुवा, बसा, घास तोडा, बिल द्या, 'चांगलं झालंय' म्हणा. नाही आवडलं तर तेही सांगा. बरोबरीच्या माणसाला खरं सांगता येतं.

पण एका जेवणानं जग बदलत नाही, हेही तितकंच खरं. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बजावलंय की सहभोजनानं जातीची भावना मेली नाही. खरा इलाज आंतरजातीय लग्न, आणि त्याहून खोल, ज्या शास्त्रांनी ही भावना पवित्र केली त्यांचा अधिकार मोडणं. याचा दाखला त्या नायजेरियातच सापडतो. तिथल्या इग्बो समाजात 'ओसू' म्हणून माणसं आहेत. देवाला वाहिलेल्यांचे वंशज. त्यांना वेगळं ठेवायचे. १९५६ साली तिथल्या पूर्व प्रांतानं कायद्यानं ही रीत बंद केली. आता बाजारात, कचेरीत, पंगतीत सगळे एकत्र. पण लग्न ठरायची वेळ आली की घरचे हळूच चौकशी करतात, 'ओसू तर नाही ना?' चिनुआ अचेबे या लेखकाची १९६० सालची एक कादंबरीच अशा अडलेल्या लग्नाभोवती आहे. तेव्हा काळा आहे म्हणून तो निर्मळ, असं समजायचं कारण नाही. त्याच्या घरातही गावकूस आहे.

आणि आपल्या? मांगाच्या घरचं महार खातो का? चांभार महाराकडं लग्नाला गेला तर जेवून येतो, की 'आत्ताच जेवलोय' म्हणतो? भंग्याच्या घरी आपल्यापैकी कितीजण जेवलेत? सभेत सगळे 'दलित', आणि पंगतीत पोटजात. पोरगी द्यायची म्हटली तर विचारायलाच नको. मनूनं आपल्याला शेवटची पायरी दिली आणि आपण त्या पायरीवर आणखी चार पायऱ्या खोदल्या. नालासोपाऱ्याला जाऊन फुफू खाणं सोपं आहे. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. गावातल्या मांगवाड्यात सगळे ओळखतात.

तेव्हा विचारणाऱ्या मित्राला माझं उत्तर असं आहे. जा. जरूर जा. आणि येताना ती भूक घेऊन ये. मग पौडात, पिरंगुटात, माणमध्ये, जिथं आपली वस्ती असेल तिथं, पुढच्या बैठकीचं जेवण मातंग वस्तीत करू. त्यांच्या घरी, त्यांच्या हातचं. पुढची बैठक वाल्मीकी वस्तीत. लवळ्याच्या आफ्रिकी पोरांना आपल्या घरी बोलवू आणि त्यांच्या खोलीवर जेवायला जाऊ. आणि आपल्यातल्या एखाद्या ताईनं रस्त्यावर खानावळ काढली, पाटीवर आपलं नाव न लपवता लिहिलं, तर पहिले सहा महिने आपण सगळे तिथं जेवू. पैसे देऊन. उधारी नाही.