खेळ विकल्यानंतर

जुने व्हिडिओ गेम आताच्या गेमपेक्षा सरस होते, असे ठामपणे म्हणणारी एक पिढी आता चाळिशीत पोहोचली आहे. मारिओ, कॉन्ट्रा, पॅकमॅन, टेट्रिस ही नावे निघाली की तिचा आवाज हळवा होतो आणि शंभर गिगाबाइटच्या आजच्या गेममध्ये ती मजा नाही, असा निकाल ती देऊन टाकते. बालपणाची ओढ एवढेच कारण देऊन हा निकाल झटकून टाकणे अन्यायाचे होईल. तो आहे तसा स्वीकारणेही बरोबर नाही. माझे म्हणणे असे की, कलाकृती म्हणून जुने गेम आजच्या गेमहून श्रेष्ठ नव्हते. विकणारा आणि खेळणारा यांच्यातला व्यवहार मात्र तेव्हा अधिक सचोटीचा होता. गेम पुरा करून विकला जाई, विकल्यावर तो घेणाऱ्याचा होई आणि बनवणारी कंपनी बुडाली तरी चालत राही. आज हरवले आहे ते हे, आणि ते परत मिळवता येण्याजोगे आहे.

जुन्या गेमच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा मांडला जातो तो साधनांच्या तुटपुंजेपणाचा, आणि त्यात तथ्य आहे. १९७८ साली तोमोहिरो निशिकाडो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला तेव्हा त्यातल्या प्रोसेसरला पडद्यावरचे सगळे परग्रहवासी एकदम वेगाने हलवणे झेपत नव्हते. खेळणारा एकेकाला टिपत गेला की प्रोसेसरवरचा भार कमी होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने चाल करून येत. निशिकाडोंनी ही उणीव तशीच ठेवली आणि गेम जसजसा पुढे जाईल तसतसा कठीण होत जाण्याची रीत त्यातून रूढ झाली. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला आहे. त्यातला ढग आणि त्यातले झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळे. पहिल्या टप्प्यात सूचनेची एक ओळ नाही. डावीकडे मारिओ, उजवीकडे मोकळी जागा, समोरून चालत येणारा एक शत्रू आणि वर लटकणारी प्रश्नचिन्हाची वीट. एवढ्यावर अर्ध्या मिनिटात उडी, धोका आणि बक्षीस या तिन्ही गोष्टी खेळणाऱ्याला कळतात. ‘पॅकमॅन’मध्ये तोरू इवातानींनी चार भुतांना चार स्वभाव दिले. लाल भूत सरळ पाठलाग करते, तर गुलाबी भूत पॅकमॅन जिथे पोहोचणार त्या जागेवर डोळा ठेवून चालते. मॉस्कोत १९८४ साली अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी ‘टेट्रिस’ लिहिला तो ज्या यंत्रावर, त्याला चित्रे दाखवताच येत नव्हती. त्यांनी टंकातले कंस शेजारी शेजारी ठेवून ठोकळे उभे केले. प्रत्येक अक्षराला, प्रत्येक ठिपक्याला आपल्या असण्याचे कारण द्यावे लागे, आणि त्या शिस्तीतून उतरलेली रचना चार दशकांनंतरही शिळी झालेली नाही.

पण तुटपुंज्या साधनांतून आपोआप उत्तम काम होते, हा निष्कर्ष इतिहासात टिकत नाही. त्याच मर्यादांत, त्याच काळात, कचराही ढिगाने तयार झाला. १९८२ साली अटारी कंपनीने ‘ई. टी.’ या चित्रपटावरचा गेम नाताळच्या बाजारासाठी जेमतेम पाच आठवड्यांत उरकून घेतला. पुढच्या वर्षी अमेरिकेतला गेमचा धंदा कोसळला. कारणे अनेक होती, पण निकृष्ट मालाने तुडुंब भरलेली दुकाने हे त्यांतले ठळक कारण. गेमची न खपलेली काडतुसे न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरली गेली आणि २०१४ साली त्यांतली काही उकरून बाहेर काढण्यात आली. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे यंत्र घरोघरी आले, ते बहुतेक निन्टेन्डोच्या यंत्राची परवान्याविना केलेली नक्कल होती. त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत मोजकेच गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. आज आठवतात ते त्या ढिगातले निवडक दहा-वीस. काळाने पाखडून दिलेले दाणे एका बाजूला आणि आजचे न पाखडलेले सगळे पीक दुसऱ्या बाजूला, अशी ही तुलना होते आणि म्हणून तिचा निकाल आधीच ठरलेला असतो.

शिवाय मर्यादेची शिस्त आज संपलेली नाही. आता ती स्वतःहून घेतली जाते. लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा २०१८चा गेम मुद्दाम दोनच छटांमध्ये काढला आहे, आणि जहाजावरच्या साठ माणसांचे काय झाले याचा त्यात घ्यावा लागणारा शोध तर्काची कसोटी पाहणारा आहे. त्यांच्याच ‘पेपर्स, प्लीज’मध्ये खेळणारा सीमेवरच्या तपासनाक्याचा कारकून असतो. नियम पाळावा तर समोरच्या माणसाचा घात होतो आणि नियम मोडावा तर घरच्यांची उपासमार. हा नैतिक पेच १९८५ सालच्या कोणत्याही लोकप्रिय गेमने इतक्या नेमकेपणाने खेळणाऱ्याच्या हातात दिला नव्हता. एरिक बरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ची चित्रे, संगीत, संहिता सगळे एकट्याने केले. ‘सेलेस्ट’ हा अवघड गेम खेळणाऱ्याला वेग कमी करण्याची मुभा देतो, त्यामुळे ज्याचे हात चपळ नाहीत तोही तो पुरा करू शकतो. जुन्या गेमनी अशा माणसाला कायम दाराबाहेर ठेवले होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ आणला. आपल्या पुराणकथांच्या आधारे पुण्यात बसून तयार केलेला गेम जगभरच्या खेळणाऱ्यांपर्यंत पोहोचणे नव्वदीत कल्पनेपलीकडचे होते. कलेचा वाद माझ्या लेखी इथे मिटतो.

मग जुन्याबद्दलची ती हुरहूर निराधार ठरते का? नाही. तिचा रोख चुकतो, एवढेच. काडतुसातल्या किंवा यंत्रातल्या चिपवर एकदा लिहिलेले बदलता येत नसे. त्यामुळे चूक राहिली तर ती कायमची राही. ‘पॅकमॅन’मध्ये टप्प्यांची मोजणी एका बाइटपुरती असल्याने २५६व्या टप्प्यावर अर्धा पडदा निरर्थक चिन्हांनी भरून जातो आणि गेम तिथेच अडतो. पण याच अटीमुळे गेम विकण्याआधी पुरा करणे भाग होते, आणि विकल्यानंतर त्यात हात घालण्याची सोय कंपनीकडे उरत नव्हती. आता २०१४ साली आलेल्या युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ची गोष्ट पाहा. मोटारशर्यतीचा हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले, आणि त्यानंतर ज्यांनी पैसे मोजून गेम घेतला होता त्यांच्या खात्यांतून तो वापरण्याचा परवानाही काढून घेतला गेला. ज्याच्या कपाटात त्याची डिस्क आहे, त्याच्याकडे आता नुसते प्लास्टिक आहे. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. तिथे कंपनीने पैसे परत केले, ते योग्यच झाले. परंतु शेकडो कलावंतांचे वर्षानुवर्षांचे काम दोन आठवड्यांत लोकांच्या हातून गेले. ते वाईट होते म्हणून फसले, की चुकीच्या वेळी आले म्हणून, हे प्रत्यक्ष खेळून पडताळण्याची संधीही पुढच्या अभ्यासकाला राहिलेली नाही.

या बदललेल्या व्यवहाराचा परिणाम गेमच्या घडणीवरही होतो. उत्पन्न एकदाच मिळणार असेल तर गेम कुठे संपवावा हा रचनेचा प्रश्न असतो. उत्पन्न रोज मिळवायचे असेल तर गेम संपता कामा नये, ही धंद्याची अट होते. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव संपले की एकेक जीव परत यायला अर्धा तास लागतो, थांबायचे नसेल तर पैसे मोजायचे. इथे अडथळा खेळणाऱ्याचे कौशल्य पाहत नाही, त्याचा धीर पाहतो. आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्यांवरून २०१७ साली ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’विरुद्ध मोठा गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या नियामकाने अशा पेट्यांना जुगार ठरवले. आपल्याकडे बहुसंख्य मुले खेळतात ती फोनवर, फुकट उतरवता येणारे गेम. त्यांच्या वाट्याला ‘झेल्डा’ किंवा ‘बाल्डर्स गेट ३’सारखा पुरा गेम येत नाही, रोज हजेरी मागणारा गेम येतो. घरातल्या मोठ्या माणसांना आजचे गेम म्हणून जे दिसते ते हेच असल्याने त्यांची नापसंती अज्ञानातून आलेली आहे असे मी म्हणणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, लोभ काही आजचा नाही. तो खरा आहे. नाण्यांवर चालणारी यंत्रे माणूस लवकर हरावा अशाच बेताने बनवलेली असत. १९८५च्या ‘गॉन्टलेट’मध्ये तर काही न करता नुसते उभे राहिले तरी जीवनशक्ती घटत जाई आणि आणखी नाणे टाकले की वाढे. आजच्या फोनवरच्या गेमचा पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो. त्यामुळे जुने ते सगळे सोने, हे म्हणणे मीही सोडून देतो. मी ज्या व्यवहाराची बाजू घेतो तो नाण्याच्या यंत्रानंतरचा आणि कायम जोडलेल्या इंटरनेटच्या आधीचा, घरातल्या काडतुसाचा आणि डिस्कचा आहे. तरीही नाण्याच्या यंत्रात आणि आजच्या गेममध्ये फरक आहे. खिशातून निघणारे प्रत्येक नाणे हाताला जाणवत होते, आणि समोर कोण उभा आहे, तो काल किती वेळ खेळला, कोणत्या क्षणी तो पैसे काढेल, याची नोंद त्या यंत्राकडे नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गेम विकल्यानंतरही सुधारता येतो हा आजच्या काळाचा मोठा लाभ आहे, तो नाकारायचा का? २०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ आला तेव्हा खेळणाऱ्यांची घोर निराशा झाली होती. त्याच्या कर्त्यांनी नंतर वर्षानुवर्षे विनामूल्य भर घालून तो वेगळ्याच उंचीवर नेला. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२०मध्ये इतक्या मोडक्या अवस्थेत विकला गेला की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, आणि तोही पुढे दुरुस्त झाला. दुरुस्तीला माझा विरोध नाही. पुढे दुरुस्त करता येईल या भरवशावर अर्धे काम पुऱ्या किमतीला विकण्याची सवय मात्र याच सोयीतून लागली, हे विसरता येत नाही. आणि दुरुस्त करण्याचा अधिकार हिरावून घेण्याच्या अधिकाराला जोडूनच यावा, असे कोणतेही तांत्रिक कारण नाही. अनेकांनी मिळून खेळायच्या गेमला सर्व्हर लागतो हे मान्य, पण तो कंपनीचाच असावा लागत नाही. ‘क्वेक’चे सर्व्हर १९९६पासून खेळणारेच चालवत आले. ‘डूम’ची मूळ संगणकीय संहिता त्याच्या कर्त्यांनी १९९७ साली खुली केली आणि म्हणून १९९३चा तो गेम आज जवळजवळ कोणत्याही यंत्रावर चालतो. ‘नॉकआउट सिटी’ २०२३मध्ये बंद झाला तेव्हा छोट्याशा वेलन स्टुडिओजने खेळणाऱ्यांना स्वतःचे सर्व्हर चालवता येतील अशी आवृत्ती देऊन मगच दार लावले. खुद्द युबिसॉफ्टनेही ओरड झाल्यावर ‘द क्रू २’साठी इंटरनेटविना खेळण्याची सोय जाहीर केली. जमत नाही म्हणून केले नाही, ही सबब इथे संपते.

तिसरे कोणी म्हणेल, सगळ्याच कलांचे काही ना काही नष्ट होते, आणि जुने गेम तरी कुठे सुरक्षित आहेत? अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले आहे. हा आकडा गंभीर आहे. पण बाजारात नसणे आणि अस्तित्वातच नसणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते महाराष्ट्राला तरी समजावून सांगावे लागू नये. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट आज पाहायला मिळत नाही. आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे वाचले. जे वाचले ते १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने कुठे कुठे पडून असलेली रिळे चिकाटीने गोळा केली म्हणून. रीळ कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहू शकते, काडतूस कपाटात राहू शकते, आणि पन्नास वर्षांनी एखादा नायर तिथे पोहोचू शकतो. सर्व्हरवर जगणारा गेम कोणाच्याच माळ्यावर नसतो. तो दुर्लक्षाने हळूहळू झिजत नाही. ठरलेल्या तारखेला, ठरवून संपवला जातो.

कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा करून डिजिटल माल विकणाऱ्याला, तुम्ही वस्तू घेत नसून परवाना घेत आहात, हे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेच्या मागणीवर २०२५मध्ये दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. आपल्याकडे त्याच वर्षी ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. विकत घेतलेला गेम कंपनीने बंद केला तर ग्राहकाचे काय, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत अजून आलेला नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ ज्या महाराष्ट्रात रुजली तिथून तो यावा. मागण्या दोनच पुरेत: गेम किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे विकतानाच सांगा, आणि तो बंद करताना सर्व्हरविना चालणारी आवृत्ती घेणाऱ्यांच्या हवाली करा. घरातल्या मुलांसाठी या दिवाळीत गेम घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढे जरूर विचारावे, की इंटरनेट नसताना हा चालतो का.